एलएसयूचा २०१९चा सीझन : पंधरापैकी पंधरा

नदीकाठ

इथे क्रिकेटवर रोज धागा निघतो, सॉकरवर वर्ल्ड कपच्या वर्षी निघतो, पण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर कुणी लिहिल्याचं आठवत नाही. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो.

मी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे एलएसयूत, पीएचडीला होतो. गाव बॅटन रूज, मिसिसिपीच्या काठावर. माझ्या तिथल्या मुक्कामातच २०१९चा सीझन आला आणि आमच्या कॉलेजने पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. एलएसयूचं हे चौथं. आधीची १९५८, २००३ आणि २००७ची.

पण सुरुवात एक वर्ष आधीपासून करावी लागेल. ३ नोव्हेंबर २०१८, शनिवारची रात्र, टायगर स्टेडियम. माणसं मावतात १,०२,३२१. समोर अलाबामा. गाईडने त्यांच्या सीझन तिकिटातलं एक मला दिलं होतं, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या स्टँडऐवजी जुन्या जाणत्या लोकांमध्ये बसलो होतो. आम्ही २९-० हरलो. घरच्या मैदानावर शून्य. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा आमच्या भागातल्या रांगाच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या. माझ्या पुढ्यात जांभळं जाकीट घातलेले एक आजोबा होते, ते काही उठले नाहीत. निघताना मी त्यांना गुड नाइट म्हटलं, तर मैदानाकडे बघतच म्हणाले, "पोरा, सलग आठ झाल्या."

अलाबामाकडून सलग आठ पराभव. त्यातला पहिला सगळ्यात जिव्हारी लागलेला. २०११च्या सीझनला एलएसयू अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ९-६ असं हरवून, तेरा विजयांसह फायनलला गेलं होतं. फायनलला पुन्हा तेच समोर. निकाल २१-०. अख्ख्या सामन्यात मैदानाची मधली रेषा आमच्या पोरांनी एकदाच ओलांडली. दुखणं जुनंच होतं. बचाव भक्कम, चेंडू पोटाशी धरून पळण्यावर भर, आणि लांब फेकायचा म्हटला की हात आखडता.

२०१९ला हे बदललं. कुणालाही विचारा, तो म्हणेल, आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा गडी) जो बरो याच्यामुळे बदललं. बरो होताच. पण मला वाटतं त्याआधी एका सत्तावन्न वर्षांच्या माणसाने आपली सवय सोडली, आणि सगळं तिथून सुरू झालं. हा माणूस म्हणजे मुख्य प्रशिक्षक एड ओरजेरॉन. लुइझियानाच्याच दक्षिणेकडच्या लारोझ गावचा, बायू लाफूर्शच्या काठचा केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांपैकी. आवाज असा घोगरा की रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला निम्मे शब्द कळले नव्हते. ओल मिसमध्ये (मिसिसिपी विद्यापीठात) तीन वर्षांत १० विजय आणि २५ पराभव, मग नारळ मिळाला. २०१३ला यूएससीत (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात) हंगामी प्रशिक्षक झाला, कायम केलं नाही. २०१६ला एलएसयूनेही हंगामीच नेमलं आणि नंतर कायम केलं. तेव्हा गावात फार कुणी पेढे वाटले नव्हते. उमेद सगळी बचावाच्या आघाडीच्या फळीला शिकवण्यात गेलेली. अशा माणसाने २०१९च्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी नावाचा २९ वर्षांचा मुलगा आणला आणि हल्ल्याची पद्धत मुळापासून बदलू दिली. हल्ल्याचे मूळ प्रमुख स्टीव्ह एन्समिंगर तेव्हा साठी ओलांडलेले, स्वतः एलएसयूकडून क्वार्टरबॅक खेळलेले. त्यांनी त्या मुलाला जागा करून दिली. ऑफिसात काम केलेल्या कुणालाही विचारा हे किती सोपं असतं ते.

सामन्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

डावा_कोपरा

वाचतेय, आवडलं. पण नियमांच्या बाबतीत कोरी पाटी आहे. मी शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले, सांगलीकडची, नावावरून कळलंच असेल कुठे उभी राहायचे ते. टीव्हीवर हा खेळ लागला की मला फक्त दिसतं की सगळे एकमेकांवर पडतात आणि शिट्टी वाजते. नेमकं चाललेलं असतं काय, ते सांगाल का?

नदीकाठ

सांगतो ना. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना एकेक पट्टा. एका वेळी अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. बहुतेक वेळा तीन प्रयत्नांत जमलं नाही की चौथ्याला लाथ मारून चेंडू लांब घालवतात, म्हणजे समोरच्याला दूरवरून सुरुवात करावी लागते. चेंडू टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, सहा गुण, वर एक बोनस किक. पट्ट्यापर्यंत नाही पोहोचलं तर खांबांमधून किक मारून तीन गुण.

प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात अशी. मधला गडी वाकून दोन पायांच्या मधून चेंडू मागे देतो. मागे उभा असतो क्वार्टरबॅक. त्याच्याकडे दोन-अडीच सेकंद असतात. तेवढ्यात ठरवायचं, चेंडू पळणाऱ्याला द्यायचा, लांब फेकायचा, की स्वतः पळायचं. त्याच्यासमोर पाच दांडगे गडी उभे असतात, प्रत्येकी सव्वाशे-दीडशे किलोचे. ते चेंडूला सहसा हातही लावत नाहीत. त्यांचं काम एकच, समोरून येणाऱ्यांना थोपवून धरायचं.

ब्रेडी-एन्समिंगर जोडीने केलं ते एवढंच की पाच जणांना मैदानाच्या रुंदीभर पसरवून पळायला पाठवायचं. एरवी पळणारा गडी क्वार्टरबॅकशेजारी थांबून त्याचं रक्षण करतो, तोही बाहेर. बचाव करणाऱ्यांना मग सगळीकडे माणूस द्यावा लागतो आणि कुठेतरी फट पडतेच. ती फट दोन सेकंदांत दिसली पाहिजे, आणि तेवढ्यात समोरच्या पाच जणांची भिंत ढासळता कामा नये. क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर हा आमचा पळणारा गडी, उंची पाच फूट आठ इंच, बॅटन रूजचाच पोरगा. त्याने त्या सीझनला १,४१४ यार्ड पळून काढले आणि वर ५५ झेल घेतले.

ओहायोवासी

नदीकाठ, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी कोलंबसला राहतो, त्यामुळे बरोची आधीची बाजू मी लिहितो.

तो आमच्या ओहायो स्टेटचा. २०१५ला आला. तीन वर्षांत सगळ्या मिळून ३९ फेकी त्याच्या वाट्याला आल्या. २०१७च्या सीझनआधी सरावात हाताचं हाड मोडलं आणि त्याच्या मागचा मुलगा पुढे गेला. बरोने तीन वर्षांत पदवी पूर्ण केली आणि २०१८च्या मे महिन्यात एलएसयूला निघून गेला. इथे फारशी हळहळ झाली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मलाही झाली नव्हती.

एलएसयूतलं त्याचं पहिलं वर्ष ठीक होतं, १६ टचडाउन फेकी. पुढच्या वर्षी ६०. फेकींची अचूकता ५७.८ टक्क्यांवरून ७६.३ टक्क्यांवर. वडील जिमी बरो ओहायो युनिव्हर्सिटीत बचावाचे प्रशिक्षक होते. मुलाचं शेवटचं वर्ष डोळ्यांनी बघायचं म्हणून ते निवृत्त झाले.

पण मला त्याचा सीझन आठवतो तो डिसेंबर २०१९मधल्या हाइजमन ट्रॉफीच्या भाषणासाठी. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला ती देतात आणि पहिल्या पसंतीची ८४१ मतं त्याला पडली होती. भाषणात त्याला रडू आवरेना. बऱ्याच जणांचे आभार मानून झाले आणि मग त्याने आपल्या गावाकडचा विषय काढला. ॲथेन्स काउंटी, कोलंबसपासून दीड तासावर, ॲपलेचियन डोंगराच्या पायथ्याशी. म्हणाला, आमच्याकडे गरिबी फार आहे, शाळेतून घरी गेल्यावर ज्यांच्या ताटात फारसं काही नसतं अशा मुलांसाठीही मी इथे उभा आहे. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका रहिवाशाने गावच्या अन्नपेढीसाठी वर्गणी सुरू केली, सुरुवातीचं लक्ष्य हजार डॉलरचं. पाच लाखांच्या वर गेली.

आम्ही मराठी मंडळातले चौघे जण त्यानंतरच्या शनिवारी तांदूळ, डाळी आणि डबाबंद सामान घेऊन ॲथेन्सला गेलो. तो रस्ता हिवाळ्यात फार उदास दिसतो. बंद पडलेली दुकानं, गंजलेले ट्रेलर. सामान उतरवून घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, तुमच्या आधी आज अकरा गाड्या येऊन गेल्या. इतकी वर्षं दीड तासावर राहून मी त्या गावात पहिल्यांदा पाय ठेवला तो एका पोराच्या भाषणामुळे.

शंकासुर

धागा छान चाललाय, पण "सर्वात महान संघ" असं कुणी म्हणायच्या आत माझा मुद्दा नोंदवतो. १९९५चा नेब्रास्का. बारापैकी बारा, आणि एकाही सामन्यात विजयाचं अंतर १४ गुणांपेक्षा कमी नाही. फायनलला फ्लोरिडाचा ६२-२४ धुव्वा. २००१चा मायामी. त्या एका संघातले ३८ खेळाडू पुढे एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात) निवडले, त्यातले १७ पहिल्या फेरीत. एलएसयूचा २०१९चा बचाव या दोघांच्या जवळपासही नव्हता. व्हँडरबिल्टने ३८ गुण केले, ओल मिसने ३७, आणि त्या सामन्यात ओल मिसचा क्वार्टरबॅक एकटा २१२ यार्ड पळाला. ज्या संघाला थोपवता येत नाही त्याला महान म्हणायला मी कचरतो.

नदीकाठ

शंकासुर, ओल मिसच्या सामन्याबद्दल पूर्ण अनुमोदन. ती रात्र बघवत नव्हती. पण तुमच्या तराजूत एक वजन राहिलंय. समोर कोण होतं? सीझनआधीच्या एपी क्रमवारीत (पत्रकारांच्या मतांवर ठरते ती) पहिले चार होते क्लेमसन, अलाबामा, जॉर्जिया आणि ओक्लाहोमा. एलएसयू सहावं. त्या चौघांनाही आम्ही त्याच वर्षात हरवलं. सामन्याच्या दिवशी पहिल्या दहात असलेले एकूण सात संघ हरवले. सीझनभरात ७२६ गुण केले, सामन्यामागे अठ्ठेचाळीसच्या वर. आणि शेवटच्या टप्प्यात बचावही सुधारला. टेक्सास ए अँड एमला ७वर रोखलं, एसईसीच्या, म्हणजे आमच्या विभागाच्या, फायनलला जॉर्जियाला १०वर.

आता सामने. सगळे नाही लिहित, मनात राहिलेले तेवढेच.

७ सप्टेंबर, ऑस्टिनला टेक्सासविरुद्ध. आम्ही ३७-३१ने पुढे, अडीच मिनिटं उरलेली, तिसरा प्रयत्न आणि गरज १७ यार्डांची. जुनं एलएसयू असतं तर चेंडू पोटाशी धरून चार यार्ड पळालं असतं, मग लाथ मारून घालवला असता आणि देवाचं नाव घेत बसलं असतं. टेक्सासने माणसंच्या माणसं बरोच्या अंगावर सोडली. तो मागे पळाला नाही, दोन पावलं पुढे सरकला आणि जस्टिन जेफरसनकडे चेंडू सोडला. ६१ यार्ड, थेट टचडाउन. सामना ४५-३८. आम्ही लॅबमधल्या सहा जणांनी तो एका सोफ्यावर दाटीवाटीने बघितला, त्यातला एक इराणी, एक नेपाळी. त्या फेकीनंतर आमच्यातला लुइझियानाचा मुलगा ओरडला नाही. तो उठून स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, परत आला आणि म्हणाला, "आपण फेकला. तिसऱ्याला सतरा असताना आपण फेकला." त्याच्या लेखी जग बदललं होतं.

मग ९ नोव्हेंबर, टस्कलूसा, अलाबामा. अर्ध्या वेळेला आम्ही ३३-१३ने पुढे. मला वाटलं झालं. कसलं काय! ते ३९-३४पर्यंत आले. त्यानंतर एडवर्ड्स-हेलेअर दोन-दोन जण अंगावर घेऊन यार्ड-यार्ड पुढे सरकत राहिला आणि शेवटच्या दीड मिनिटात त्यानेच टचडाउन केला. अलाबामाने आणखी एक फेडला. ४६-४१, संपलं. आठ पराभवांची साखळी तुटली. हायलँड रोडवर मध्यरात्रीपर्यंत गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि मला जांभळं जाकीट आठवत होतं. त्या आजोबांचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

शेवटचा घरचा सामना ३० नोव्हेंबरला टेक्सास ए अँड एमशी. आदल्या वर्षी याच संघाकडून सात जादा डावांनंतर ७४-७२ हरलो होतो. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंची नावं एकेक करून पुकारत होते. बरो बोगद्यातून पळत आला आणि त्याच्या पाठीवरचं नाव मोठ्या पडद्यावर दिसलं. आडनावाच्या शेवटी त्याने लुइझियानाच्या फ्रेंच वळणाची अक्षरं लावली होती, ई, ए, यू, एक्स. तिकडे निम्म्या गावाची आडनावं अशी संपतात. ओहायोचा पोरगा म्हणत होता की मी आता तुमच्यातला. तो आवाज मी कानांनी कमी आणि छातीत जास्त ऐकला. याच मैदानावर १९८८ला ऑबर्नविरुद्धच्या ७-६ सामन्यात शेवटी टचडाउन झाला तेव्हा विद्यापीठाच्या भूकंपमापकावर नोंद झाली होती. मला ते आधी ऐकीव वाटायचं.

चिंचगुळ

मी या खेळातलं काही जाणत नाही, पण तो फायनलचा दिवस मला पक्का आठवतो, म्हणून लिहिते. माझा मुलगा तेव्हा तिथे एमएस करत होता. फायनल त्यांची १३ जानेवारीच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे १४ची सकाळ. २०२०ला संक्रांत १५ला होती, त्यामुळे तो भोगीचा दिवस. सकाळी सव्वासहाला फोन आला, "आई, मी फोन टीव्हीसमोर लावून ठेवतो, तू बघ." मी म्हटलं, मला काय कळणार? म्हणाला, "नुसती सोबत हो."

मग मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कामाला लागले. भोगीची भाजी आदल्या रात्रीच निवडून ठेवली होती, वालाचे दाणे, गाजर, वांगी, हरभरा, बोरं, सगळं. बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होते. तिकडून मधूनच आरडाओरडा यायचा. मग एकदम शांत झालं. मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "१७-७. आपण मागे आहोत." आवाज अगदी दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा. मी तवा उतरवला आणि फोनसमोर बसले. आपल्याला कळत नसलं तरी पोराच्या चेहऱ्यावरून कळतं ना. थोड्या वेळाने ते सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, मग परत, मग परत. फोन खाली पडला आणि मला नुसतं छत दिसत राहिलं. नैवेद्य त्या दिवशी उशिरा झाला.

नदीकाठ

चिंचगुळ ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही फोनसमोर बसलात ती वेळ मी नेमकी सांगू शकतो.

न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, बॅटन रूजपासून ऐंशी मैल. समोर क्लेमसन, आधीचे विजेते, सलग २९ सामने जिंकलेले. आमच्या पहिल्या तिन्ही चढायांत चेंडू लाथ मारून परत द्यावा लागला. मग जमार चेसने ५२ यार्डांचा टचडाउन केला, पण क्लेमसनने १७-७ अशी आघाडी घेतली. तिथून अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही सलग २१ गुण केले. आधी बरो स्वतः पळाला, मग चेस, मग थॅडिअस मॉस. २८-१७. शेवटी ४२-२५. बरोचे ४६३ यार्ड, पाच टचडाउन फेकी आणि एक स्वतः पळून. तुमच्या फोनमधून छत दिसत होतं ते बहुधा मॉसच्या वेळी.

त्याच्या दोन आठवडे आधीचं मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २८ डिसेंबर, अटलांटा, ओक्लाहोमाविरुद्ध उपांत्य सामना. त्या सकाळी लाफायेतहून निघालेलं एक छोटं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. त्यात एन्समिंगर यांची सून होती, क्रीडा वार्ताहर, याच सामन्याला निघालेली. सामन्याआधी त्यांना कळवलं गेलं. ते वर आपल्या बूथमध्ये जाऊन बसले आणि नेहमीसारखे डावपेच सांगत राहिले. अर्ध्या वेळेपर्यंत बरोने सात टचडाउन फेकले, सामना ६३-२८. टीव्हीवर मधूनच त्यांचा चेहरा दाखवत होते. डोळे पुसायचे आणि पुन्हा समोरच्या कागदाकडे बघायचे. आमच्या खोलीत त्या दिवशी कुणी मोठ्याने ओरडलं नाही.

दुसरी_इनिंग

एक प्रश्न मनापासून विचारतो. या मुलांना यातून काय मिळालं? लाखभर माणसं तिकीट काढून येतात, टीव्हीचे करार कोट्यवधींचे, प्रशिक्षकाला लाखो डॉलर. आणि खेळणारी विशीतली मुलं, गुडघे आणि डोकं पणाला लावून. मला हे कायम खटकत आलंय.

नदीकाठ

खटकायलाच हवं. २०१९ला त्यांना शिष्यवृत्ती मिळायची, राहणं-खाणं आणि थोडा वरखर्च. स्वतःच्या नावाची जर्सी विकली गेली तरी त्यातला पैसा घेता येत नव्हता. १ जुलै २०२१पासून स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५पासून विद्यापीठं थेट मोबदला देऊ शकतात. त्या संघातल्या १४ जणांना २०२०च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये घेतलं, पाच पहिल्या फेरीत, बरो सगळ्यात पहिला. त्यांचं भलं झालं. पण उरलेल्यांपैकी बरेच जण फक्त विजेतेपदाची एक अंगठी घेऊन घरी गेले, आणि ते मला बरोबर वाटत नाही. ज्यांच्या जिवावर गावाने ते वर्ष काढलं, त्यांना तेव्हाच वाटा मिळायला हवा होता.

पुढचंही सांगून टाकतो, कारण कुणीतरी विचारेलच. त्याच आठवड्यात कॅम्पसवर मिरवणूक निघाली. ब्रेडी कॅरोलायना पँथर्स या एनएफएल संघाकडे गेला, बचावाचे प्रमुख बेलर विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले, मार्चमध्ये कोविडने कॅम्पस बंद. पुढचा सीझन ५-५. ओरजेरॉन २०२१च्या अखेरीस बाहेर. इतक्या झटकन सगळं विस्कटलं.

डावा_कोपरा

नियम समजल्यावर टेक्सासच्या सामन्याचा तो तुकडा शोधून बघितला. पण मला वेगळंच विचारायचंय. इथे बरो, चेस, जेफरसन, पळणारा क्लाइड, सगळ्यांची नावं आली. त्या पाच दांडग्यांपैकी एकाचंही नाही. आमच्याकडेही असंच असतं. चढाई करणारीचं नाव पेपरात येतं, तिला पाणी मिळतं, टाळ्या मिळतात. कोपरा धरणारीच्या खांद्याचं काय झालंय ते तिच्या आईला माहीत असतं. त्यांची नावं काय होती?

नदीकाठ

चूक कबूल, आणि मोठीच चूक. डावीकडून उजवीकडे लिहितो : सादीक चार्ल्स, एड्रियन मगी, मध्ये लॉइड कुशनबेरी, डेमियन लुईस, ऑस्टिन डेक्युलस. दुखापती आणि गैरहजेरीमुळे सीझनभर हीच पाच नावं सलग राहिली नाहीत, मागचे गडीही पुढे येऊन खेळले. देशातल्या सर्वोत्तम फळीला जो मूर पुरस्कार देतात, त्या वर्षी तो यांना मिळाला. तो एकट्याला मिळतच नाही, अख्ख्या फळीलाच देतात. लुईस मिसिसिपीतल्या एका दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजातून खेळून आलेला.

कुशनबेरीचं आणखी एक. एलएसयूत १८ नंबरची जर्सी मानाची. २००३चं विजेतेपद मिळवून देणारा क्वार्टरबॅक मॅट मॉक १८ घालायचा, तेव्हापासून संघात ज्याचं वागणं सगळ्यांना आदर्श वाटतं त्याला तो नंबर देतात. फळीतल्या गड्याला नियमाप्रमाणे १८ घालता येत नाही, त्याला ५० ते ७९मधलाच नंबर लागतो. म्हणून कुशनबेरीच्या ७९च्या जर्सीवर छातीवर १८ची छोटी पट्टी शिवली होती. फळीतल्या माणसाला हा मान तेव्हा पहिल्यांदाच मिळाला.

सामन्याच्या दिवशी सकाळी ओकच्या झाडांखाली आमच्या लॅबमधल्या त्या मुलाचे काका बिडाच्या मोठ्या पातेल्यात जांबालाया शिजवायचे. कोंबडी तळाला लागेपर्यंत परतायची, मग वल्ह्याएवढ्या उलथन्याने ती खरवड सोडवायची, भाताचा रंग त्या खरवडीतून येतो. ते स्वतः तरुणपणी शाळेच्या संघात फळीत खेळलेले. मला उलथनं हातात देऊन म्हणायचे, चेंडूकडे बघू नकोस, पहिले दोन सेकंद फक्त मधल्या पाच जणांकडे बघ. डावा_कोपरा, तुम्हीही तसं बघा.

डावा_कोपरा

बघितलं. आवाज बंद करून, सात-आठ वेळा.

७९ वाकतो, डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेजारच्यांना काहीतरी ओरडून सांगत असावा. चेंडू मागे देतो आणि तो हात पूर्ण वर यायच्या आत समोरचा त्याच्या अंगावर आलेला असतो. म्हणजे त्याची सुरुवातच एका हाताने होते. आम्हाला पकड करताना दोन्ही हात मोकळे असतात, तरी चुकते. हा एका हाताने सुरू करतो आणि पाय मागे सरकू देत नाही. दोन्ही बाजूंनी माणसं आत घुसतात, बरो पुढे सरकतो, चेंडू सुटतो. कॅमेरा चेंडूबरोबर निघून जातो, त्यामुळे पुढे ७९चं काय झालं ते कुठेच दिसत नाही. तो टचडाउनकडे बघायला वळला का, की खाली पडला होता, ते मला बघायचं होतं. दुसऱ्या कोनातून घेतलेला तुकडा कुणाकडे असेल तर इथे टाका.